ध्वनिवर्धकाचें वजन

तांबट आळींत तांब्याचें भांडें घेणारा मनुष्य प्रथम तें हातांत तोलून पाहतो. पत्रा पातळ असला तर हातास लगेच कळतें, आणि दुकानदारही किंमत सांगतो ती भांडें काट्यावर ठेवूनच. भांड्यांच्या बाबतींत ही रीत योग्यच आहे. परंतु ज्यांच्या घरीं गाणें ऐकण्याचा शोक आहे अशा पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांनीं हाच काटा ध्वनिवर्धकास, म्हणजे आपण सर्व ज्यास ॲम्प्लिफायर म्हणतों त्या यंत्रास, लावलेला आम्हीं पाहिला आहे. दुकानांत गेल्यावर यंत्र ऐकण्यापूर्वीं ते तें उचलून पाहतात. दोघांनीं मिळून उचलावें लागलें तर समाधान. एका हातानें उचललें गेलें तर संशय. हलकेपणाचें कारण विचारल्यास 'आंत स्विचिंगचा पुरवठा आहे' असें उत्तर येतें, आणि तें ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो. उलट जड यंत्रांत 'लिनिअर' पुरवठा असतो, व तो नांवावरूनच कांहींसा सरळ, कुलीन व विश्वासू वाटतो.

हा संशय एका दिवसांत उत्पन्न झालेला नाहीं. त्याच्या मागें सुमारें शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, दोन्ही पुरवठ्यांना चिकटलेलीं नांवेंच दिशाभूल करणारीं आहेत. आणि कानाचा म्हणून जो वाद चालतो तो बराचसा हाताचा आहे. मात्र वादाला एक खरी बाजूही आहे, व ती ज्या ठिकाणीं सहसा शोधीत नाहींत तेथें आहे. तिच्याकडे आम्ही शेवटीं येऊं.

१९२० नंतरच्या पहिल्या पांच-सहा वर्षांत घरोघर जे रेडिओ आले ते बहुधा भिंतींतील विजेवर चालत नसत. त्यांत व्हॉल्व्ह म्हणजे कांचेच्या निर्वात नळ्या असत. नळींतील तार तापविण्यास एक बॅटरी, नळींतून प्रवाह ओढण्यास सुमारें नव्वद व्होल्टांची दुसरी, आणि पुष्कळदां नळींतील जाळीस योग्य दाब देण्यास तिसरी, असा हा संसार असे. इंग्लंडांत दोन व्होल्टांच्या, आम्ल भरलेल्या कांचेच्या बॅटऱ्या वरचेवर दुकानांत नेऊन भरून आणाव्या लागत. गंमत अशी कीं, बॅटरींतून येणारा प्रवाह अत्यंत शांत व एकसारखा असतो. आजचे शुद्धतेचे भोक्ते ज्या स्थितीसाठीं पैसा ओततात ती त्या लोकांस आयतीच लाभली होती. तिचें त्यांना कौतुक नव्हतें. त्यांना बॅटरीच्या जाचांतून सुटावयाचें होतें. १९२५ सालीं टोरॉन्टो येथील एडवर्ड रॉजर्स या तरुणानें बॅटरीशिवाय, घरच्या विजेवर चालणारा रेडिओ बाजारांत आणला, आणि १९२७ सालीं आपण काढलेल्या नभोवाणी केंद्राच्या नांवांतही त्यानें 'बॅटरीशिवाय' या शब्दाचें आद्याक्षर गोवून ठेवलें. त्याच वर्षाच्या २३ जुलैस मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. म्हणजे आपल्याकडे नभोवाणी आली ती बॅटरीचें राज्य सरत असतांना आली.

घरच्या विजेवर यंत्र चालवावयाचें तर एक अडचण होती, आणि सर्व पुढील इतिहास त्या अडचणींतून निघाला आहे. घरांतील वीज उलटसुलट वाहते: सेकंदास पन्नास वेळां पुढें व पन्नास वेळां मागें. व्हॉल्व्हास काय किंवा ट्रान्झिस्टरास काय, प्रवाह लागतो तो एकाच दिशेनें जाणारा. म्हणून तीन पायऱ्या कराव्या लागतात. प्रथम ट्रान्सफॉर्मर, म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेलीं तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं. तो विजेचा दाब हवा तेवढा वाढवितो अगर उतरवितो. १८८५ सालीं बुडापेस्ट येथील गान्झ कारखान्यांत झिपर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी या तिघांनीं त्याला जें रूप दिलें तेंच मुळांत आजही आहे. नंतर रेक्टिफायर, हा एक दारपाल आहे, प्रवाह पुढें जाऊं देतो, मागें येऊं देत नाहीं. आणि शेवटीं कपॅसिटर.

कपॅसिटराचें काम समजण्यास आपल्याकडील रहाट डोळ्यांपुढें आणावा. पोहरे एकामागून एक वर येऊन पाणी ओततात. पाणी येतें तें धारेनें नव्हे, गचक्यागचक्यानें येतें. खालीं रांजण ठेवला व त्याच्या तोटींतून पाणी घेतलें तर धार बरीचशी एकसारखी मिळते. घरच्या विजेचा रहाट सेकंदास शंभर पोहरे ओततो, कारण पुढचा व मागचा असे दोन्ही हेलकावे रेक्टिफायर एकाच दिशेस वळवितो. आतां रांजणाची क्षमता १०,००० मायक्रोफॅराड धरली, व गाण्याच्या एखाद्या जोरकस जागीं ५ अँपिअर प्रवाह खर्च होऊं लागला, तर दोन पोहऱ्यांच्या मधल्या शंभराव्या सेकंदांत दाब सुमारें ५ व्होल्टांनीं उतरतो व पुढचा पोहरा येतांच पुन्हां चढतो. ही चढउतार कर्ण्यांत पोंचली कीं तिची गुणगुण ऐकूं येते. म्हणून रांजण मोठा हवा, आणि तो चटकन भरणारा ट्रान्सफॉर्मरही दांडगा हवा.

ही गुणगुण पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षां आपल्या श्रोत्यास अधिक जाचते असें आमचें मत आहे, आणि त्याला गणिताचा आधार आहे. काळी एक या पट्टीचा षड्ज सुमारें १३८.६ कंपनांचा, त्याचा मंद्र पंचम सुमारें १०४ कंपनांचा. वीजपुरवठ्याची गुणगुण बरोबर १०० कंपनांची, म्हणजे पंचमाच्या खालीं अर्ध्या श्रुतिपट्टीहून अधिक घसरलेली, तीव्र मध्यम व पंचम यांच्या मध्येंच कोठें तरी लोंबकळणारी. पियानोच्या खणखणाटांत ती बुडून जाते. तंबोऱ्याच्या पंचमाखालीं ती अखंड बेसूर धरून बसते, आणि गवई श्वास घेण्यासाठीं थांबला कीं तीच पुढें येते. असो.

वजनाचें मूळ आहे तें या पन्नास कंपनांत. एका हेलकाव्यास शंभरावा सेकंद लागतो. तेवढा वेळ गाभ्यांतील चुंबकत्व वाढत राहतें, आणि लोखंड कमी असलें तर तें मध्येंच भरून जाऊन काम सोडून देतें. हेलकावे जलद केले तर तितकें लोखंड लागत नाहीं. विमानांतील वीज ४०० कंपनांची ठेवतात ती याच कारणासाठीं. विमानास लोखंड वाहून नेणें परवडत नाहीं. घरच्या ध्वनिवर्धकास परवडत होतें. १९४७ सालीं विल्यमसन यानें 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकांत आपल्या प्रसिद्ध ध्वनिवर्धकाची रचना छापली, व तेथून घरगुती उत्तम श्रवणाचें युग सुरू झालें असें मानतात. त्या यंत्रांत निम्मेंअधिक वजन लोखंड व तांबें यांचेंच. पुढें ट्रान्झिस्टर आला. त्यास दाब थोडा पण प्रवाह पुष्कळ लागे, म्हणून रांजण आणखी मोठे झाले. १९७० नंतरच्या दशकांत उत्तम यंत्र म्हणजे जड यंत्र हें समीकरण ग्राहकाच्या मनांत पक्कें बसलें. तें त्या काळापुरतें खोटेंही नव्हतें. तांबें महाग, आणि कंजूष कारखानदार पहिली काटछांट करी ती ट्रान्सफॉर्मरांतच.

आतां दुसऱ्या घराण्याकडे वळूं. स्विचिंग पुरवठा हा संगणकाबरोबर आलेला उपटसुंभ आहे अशी समजूत आहे. वस्तुतः तोही व्हॉल्व्हांच्या काळचा. १९३० सालीं शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीनें मोटारींत बसविण्याचा रेडिओ काढला. 'मोटोरोला' हें नांव त्याचेंच. मोटारींत बॅटरी सहा व्होल्टांची, आणि व्हॉल्व्हांना हवे दोनशेंच्या आसपास. एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह ट्रान्सफॉर्मरास चालत नाहीं; त्याला हेलकावा लागतो. तेव्हां पुढील दोन-चार वर्षांत अशी युक्ति रूढ झाली कीं, विजेच्या घंटेप्रमाणें थरथरणारी एक पोलादी पट्टी सेकंदास शंभरएक वेळां प्रवाह तोडी व जोडी. तुटलेला प्रवाह ट्रान्सफॉर्मरांतून चढवावयाचा व पुन्हां सरळ करावयाचा. प्रवाह तोडून, त्याचें रूप पालटून, पुन्हां सांधणें एवढेंच स्विचिंगचें तत्त्व. तें या पट्टींत पूर्णपणें आहे. पट्टी गुरगुरत असे, रेडिओंत खरखर उत्पन्न करी, व झिजली कीं तिचा डबा उपटून नवा बसवावा लागे. स्विचिंग म्हणजे खरखर ही बदनामी येथूनच सुरू झाली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पोलादी पट्टीला वेगाची मर्यादा होती. ती ओलांडण्यास दोन गोष्टी हव्या होत्या. एक, अतिजलद हेलकाव्यांत न तापणारा गाभा; लोखंडी पत्रा तेथें निरुपयोगी ठरतो. हा गाभा म्हणजे फेराइट नांवाचें मातीच्या भांड्यासारखें भाजून केलेलें चुंबकीय द्रव्य. काटो व ताकेई या दोन जपानी संशोधकांनीं तें १९३० च्या सुमारास टोकियोंत शोधून काढलें, व त्याच्या उत्पादनासाठीं १९३५ सालीं टीडीके ही कंपनी निघाली. दुसरी गोष्ट, न झिजणारा स्विच. तो ट्रान्झिस्टरानें पुरविला. १९६० नंतर अवकाशयानांत, जेथें प्रत्येक तोळा मोजावा लागतो तेथें, हा पुरवठा रुळला. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतील मार्गदर्शक संगणकास वीज अशाच रीतीनें मिळे. १९७६ सालीं या पुरवठ्याचें नियंत्रण करणारी सर्व जुळणी एका चकतींत आली, आणि १९७७ सालच्या ॲपल-२ संगणकांत रॉड होल्ट यानें तयार केलेला स्विचिंग पुरवठा बसला. ही क्रांति आमच्याच माणसानें केली व बाकीच्यांनीं ती चोरली, असा दावा स्टीव्ह जॉब्झ पुढें करीत असे. तो इतिहासास धरून नाहीं. होल्टचें काम चांगलें होतें, पण त्यावेळीं ही विद्या पुष्कळ कारखान्यांत नांदत होती.

या पुरवठ्यांत भिंतींतील वीज प्रथम थेट सरळ करून सुमारें ३२५ व्होल्टांचा सांठा करतात. मग तो प्रवाह सेकंदास पन्नास हजार, लाख किंवा अधिक वेळां तोडून मूठभर फेराइटांतून पार करतात, व दुसऱ्या बाजूस पुन्हां सरळ करतात. पोहरा सेकंदास लाखदां येऊं लागला कीं पुढचा रांजण लहान चालतो. शिवाय बाहेरचा दाब थोडा उतरला तर स्विच किंचित् अधिक वेळ उघडा राहतो, व आंतील यंत्रास त्याचा पत्ताही लागत नाहीं.

गाण्याच्या यंत्रांत याचा प्रवेश १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाला. जपानच्या सोनी कंपनीनें टीए-एन८६ व टीए-एन८८ या सपाट, हलक्या ध्वनिवर्धकांत 'पल्स पॉवर सप्लाय' या नांवानें तो बसविला. कल्पना काळाच्या पुढें होती, आणि त्या वेळचे ट्रान्झिस्टर तिच्या मानानें मागें होते. जवळजवळ त्याच वेळीं अमेरिकेंत बॉब कार्व्हर यानें प्रत्येक बाजूस सुमारें २०० वॅट देणारा, दहा पौंडांच्या आंतला, ठोकळ्यासारखा चौकोनी ध्वनिवर्धक काढून खळबळ उडविली. त्याची रीत निराळी होती. तेथें ट्रान्सफॉर्मरच लहान ठेवून गाण्याच्या मागणीप्रमाणें त्यास कमीअधिक वीज पाजीत. पण लोकांनीं बारकावा पाहिला नाहीं. हलकें यंत्र म्हणजे कांहीं तरी चलाखी, एवढेंच त्यांच्या मनांत राहिलें.

या वादाचें खरें नाट्य इंग्लंड-स्कॉटलंडांत घडलें. ग्लासगो येथील लिन व सॅलिसबरी येथील नेम या दोन कंपन्या एकाच काळीं, १९७३ च्या सुमारास, उदयास आल्या. लिनची तबकडी फिरविण्याची यंत्रणा व नेमचा ध्वनिवर्धक हें जोडपें त्या काळीं एकाच दुकानांत, एकाच श्रद्धेनें विकलें जाई. नेमचे संस्थापक ज्युलियन व्हेरेकर यांचा विश्वास असा कीं, ध्वनिवर्धकाचा प्राण त्याच्या वीजपुरवठ्यांत आहे. त्यांच्या १९७५ सालच्या नॅप २५० या यंत्रांत खराखुरा नियंत्रित लिनिअर पुरवठा होता, आणि पुढें तर पुरवठ्याची पेटीच स्वतंत्र विकत घ्यावयाची, व आहे त्या यंत्रास ती जोडून आवाज सुधारावयाचा, असा या घराचा संप्रदाय झाला. लिननें स्वतःचे ध्वनिवर्धक काढले, व शतक पालटण्याच्या सुमारास आपल्या सर्वांत महाग यंत्रांत बेधडक स्विचिंग पुरवठा घातला. एकाच पंगतीला बसणाऱ्या दोन घरांनीं एकाच प्रश्नाचीं दोन उलट उत्तरें दिलीं, आणि दोन्हीकडच्या यंत्रांवर समंजस लोक आनंदानें गाणें ऐकत राहिले. वादाचा निकाल कानानें सहज लागण्यासारखा असता तर असें झालें नसतें. १९८९ सालीं जॉन फ्रँक्स यांनीं काढलेल्या कॉर्ड कंपनीनेंही, विमानविद्येंतील अनुभव पदरीं असल्यामुळें, आरंभापासून स्विचिंगच पसंत केलें. आणि बीबीसीसारखी कानांची पारखी संस्था तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकीं होती.

आतां नांवांविषयीं. ज्याला आपण लिनिअर म्हणतों त्या बहुतेक घरगुती ध्वनिवर्धकांत लिनिअर असें कांहीं नसतें. खरा लिनिअर नियंत्रक अर्धवट उघडलेल्या तोटीसारखा असतो. नको तेवढा दाब तो उष्णता करून टाकून देतो. तो महाग व तापट, म्हणून नेमसारख्या थोड्यांनींच तो मोठ्या ध्वनिवर्धकांत ठेवला. बाकीच्यांत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर व रांजण, बस्स. आणि रेक्टिफायर हा स्वतः स्विचच आहे. रांजण जवळजवळ भरलेला असल्यामुळें प्रत्येक हेलकाव्याच्या माथ्यावर क्षणभरच तो उघडतो, सरासरीच्या कितीतरी पट प्रवाह एकदम आंत घेतो व मिटतो. म्हणजे जुना पुरवठाही प्रवाह तोडतो व जोडतो. फक्त तो सेकंदास शंभर वेळां, कानाच्या ऐन टापूंत, तोडतो. त्याची गुणगुण १००, २००, ३०० अशी चढत जाते, आणि दांडग्या ट्रान्सफॉर्मराचें भटकें चुंबकत्व शेजारच्या नाजूक तारांत शिरतें. नवा पुरवठा लाखदां तोडतो, आणि कान वीस हजारांच्या पुढें ऐकत नाहीं. अमेरिकेंतील बेंचमार्क कंपनीनें याच युक्तिवादावर २०१४ च्या सुमारास एएचबी२ हा ध्वनिवर्धक काढला. त्याचें वजन अवघें साडेबारा पौंड, आणि गाणें व पार्श्वखरखर यांतील अंतर १३२ डेसिबल. इतका निःशब्द जड ध्वनिवर्धक दाखविणें कठीण आहे.

यावरून नवा पक्ष निर्दोष असें मात्र कोणीं समजूं नये. लाख कंपनांची खरखर कानास ऐकूं येत नसली तरी तिच्या सातव्या-आठव्या पटी मध्यम लहरींच्या, म्हणजे सुमारें ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यांत उतरतात. गाळणी नीट न बसविलेला स्वस्त चार्जर अगर एलईडी दिवा लावला कीं शेजारचा जुना रेडिओ आकाशवाणीऐवजीं खरखर ऐकवूं लागतो, हा अनुभव पुष्कळांस असेल. रेडिओच्या सोयीसाठीं निघालेली विद्या रेडिओच्याच मुळावर आली. दुसरें असें कीं, जड ट्रान्सफॉर्मर क्षणभर आपल्या ताकदीबाहेर ओझें उचलतो. तबल्याची एखादी थाप अशा क्षणभराचीच असते. स्वस्त स्विचिंग पुरवठा तेथें हात आखडता घेतो. मापून केलेला असेल तर घेत नाहीं.

युरोपीय संघाच्या २००८ सालच्या नियमानें नुसत्या तयारींत उभ्या असलेल्या यंत्रानें किती वीज खावी याला मर्यादा घातली. २०१३ पासून ती साधारणपणें अर्ध्या वॅटवर आली. अर्ध्या वॅटवर मोठा लोखंडी ट्रान्सफॉर्मर जागा ठेवणें जवळजवळ अशक्य. तेव्हां जड यंत्रांतही आतां एक छोटा स्विचिंग पुरवठा दिवसरात्र पहारा करीत बसलेला असतो, व मालकास त्याची दादही नसते. आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वाटेनें येतो. ज्या गांवांत संध्याकाळीं शेतपंप सुरू झाले कीं २३० चे १७० व्होल्ट होतात, तेथें जुना ध्वनिवर्धक दमतो, व त्यासाठीं खटखट वाजणारा स्टॅबिलायझर घ्यावा लागतो. ९० पासून २६० व्होल्टांपर्यंत सर्व कांहीं पचविणारा नवा पुरवठा तेथें देवासारखा भेटतो. या लाभाचा उल्लेख पाश्चात्त्य लेखांत क्वचितच आढळतो. त्यांना त्याची गरज पडलेली नाहीं.

मग वादाची खरी बाजू कोणती? ती दुरुस्तीची. जुन्या पुरवठ्यांत बिघडण्यासारख्या वस्तू इनमीन चार, आणि चारही कोणत्याही शहरांत मिळतात. ट्रान्सफॉर्मर जळला तरी तो पुन्हां वाइंडिंग करून देणारे कारागीर अजून आहेत. रांजण वीस-तीस वर्षांनीं सुकतात. ते बदलले कीं यंत्र पुन्हां उभें राहतें. नव्या पुरवठ्यांत तेच कपॅसिटर दाटीवाटीनें, उष्णतेंत, लाखदां होणारी ओढाताण सोशीत बसतात, आणि दहा अंश उष्णता वाढली कीं कपॅसिटराचें आयुष्य निम्म्यावर येतें हा त्या धंद्यांतील जुना हिशेब आहे. शिवाय यंत्र बंद केल्यावरही ३२५ व्होल्टांचा सांठा आंत दबा धरून असतो. अनभ्यस्त कारागिराच्या जिवावर बेतूं शकतें. नकाशे बहुतेक कंपन्या देत नाहींत. परिणामीं दोन रुपयांचा भाग गेला तरी सबंध बोर्डच बदलतात. गाण्याच्या शुद्धतेसाठीं जड यंत्र घ्या असें आम्ही कोणास सांगणार नाहीं. पण मुलाच्या घरींही तें वाजावें अशी इच्छा असेल तर मात्र घेण्यापूर्वीं दुकानदारास एकच प्रश्न विचारावा: याचा पुरवठा उघडून दुरुस्त करतां येतो कीं नाहीं, व नकाशा मिळतो कीं नाहीं. उत्तर चांगलें मिळालें तर तें यंत्र हलकें असलें तरी खुशाल घ्यावें. अशीं हलकीं यंत्रें आहेत, थोडीं आहेत.

आमच्या घरीं दोन्ही पिढ्या नांदतात. १९७८ सालचें जुनें यंत्र तीन वर्षांपूर्वीं गुणगुणूं लागलें; लॅमिंग्टन रोडवरून आणलेले दोन कपॅसिटर एका दुपारीं बसवून झाले. गेल्या पावसाळ्यांत नवें यंत्र एकाएकीं निर्जीव झालें. कारागिरानें तें उघडलें, चष्मा कपाळावर नेला, आणि बोर्ड मागवावा लागेल असें सांगितलें. बोर्ड येण्यास सात आठवडे लागले, आणि त्या सात आठवड्यांत गाणें ऐकलें तें जुन्याच यंत्रावर.